उजव्या बाजूची पदकं

"हेच का?" गयावहिनींनी प्रूफवरच्या एका चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हेच. मधली रांग, डावीकडून तिसरे. खाली नाव छापलंय ना."

"असतील," त्या म्हणाल्या आणि बोट तसंच राहिलं.

तीर्थपुरीबाहेर शेतातलं त्यांचं घर. भर दुपार होती, दारापुढच्या मोसंबीचं पानही हलत नव्हतं. मला स्वतःलाच पेंग येत होती.

मी पायदळाच्या एका बटालियनचा निवृत्त सुभेदार, कामानं क्लार्क. बटालियनला आम्ही पलटण म्हणतो. पलटण कुठं गेली, काय केलं, कोण कामी आलं, हे सगळं एका वहीत उतरवलं जातं. ती वही मी कित्येक वर्षं लिहिली. त्यामुळं पलटणीचा इतिहास पुस्तकरूपानं छापायचा ठरल्यावर नावं तपासायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. चेहऱ्यापेक्षा कागदावर माझा विश्वास जास्त, ही माझी जुनी खोड.

वहिनींचे मालक, लान्स नाईक नामदेव, माझ्या भरतीच्या आधीचे. लग्नानंतर दोन सुट्ट्या घरी आले. तिसरीच्या आधीच सीमेवर बर्फाखाली गेले. घरातला एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला. म्हणून त्यांच्या कंपनीच्या, म्हणजे पलटणीतल्या त्यांच्या तुकडीच्या, ग्रुप फोटोचं प्रूफ घेऊन मी मुद्दाम अंबडहून एसटीनं आलो होतो.

"सपनात येतेत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पण पाठमोरे. बांधावरनं चालून राह्यलेले असतेत. हाक मारली तरी वळत न्हाईत. आता तोंडच आठवना मला. तुम्ही म्हणता तर हेच असतील."

मला भरून आलं. निदान एक चेहरा तरी त्यांना मिळाला, असं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "एक इचारू? या समद्यांचे बाप वारलेत का?"

"का हो?"

"समद्यांनी मेडल उजवीकडं लावलेत. मला पलटणीत बोलावलं तवा तुम्हीच सांगितलं न्हाई का? स्वतःचं मेडल डावीकडं. गेलेल्या माणसाचं घरच्यांनी उजवीकडं."

माझी झोप खाडकन उडाली. जुनी निगेटिव्ह पालथी छापली गेली होती. माणसं उलटली, नावं मात्र सरळ राहिली. पानावरचा जवळजवळ प्रत्येक जवान दुसऱ्याच्याच नावावर उभा होता. आणि तीनदा तपासून पानावर सही केली होती ती या शहाण्यानं! वहिनींच्या हाती मी परका माणूस देऊन निघालो होतो.

कागद पातळ होता, एका बाजूनं छापलेला. मी तो पालथा करून दारातल्या उन्हासमोर धरला. सगळी मेडलं डावीकडं आली. मी मधल्या रांगेत डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन.

वहिनींनी बोट ठेवलंच नाही. पदर तोंडाशी धरला.

"वळले," त्या म्हणाल्या. "बिलकुल हेच."

बाहेर येऊन मी पुस्तकाचं काम बघणाऱ्या कर्नलसाहेबांना पुण्याला फोन लावला.

"सर, ग्रुप फोटो उलटा आहे."

"साहेब, उद्या छपाई आहे. पान तुम्हीच पास केलंत." फौजेत कर्नलही सुभेदाराला साहेब म्हणतात, रागावले तरी.

"चूक माझीच, सर."

"पण मी स्वतः त्या फोटोत आहे. बरोबर जागेवर आहे!"

"तुम्ही तेव्हा कंपनी कमांडर, सर. मधोमध बसलात. मधला माणूस उलटा केला तरी मधेच राहतो. आता जरा मेडल कुठं आहेत बघा."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

"छपाई थांबवतो," ते म्हणाले.

पुस्तक आठवडाभर उशिरा निघालं. जुना ग्रुप फोटो तपासताना आता मी आधी छाती बघतो, मग नाव.

वहिनींची प्रत मी स्वतः पोचवली. फोटो सरळ, नाव बरोबर. पण ते जुनं प्रूफ त्यांनी पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर पालथं चिकटवून ठेवलंय. काढू का, म्हणून विचारलं.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सकाळी ऊन आलं की येतेत."