आईच्या पित्तनळ्या

नोकरीसाठी चेन्नईला आलो तेव्हा आईलाही सोबत आणलं. वर्षभरात तिला खाज सुटू लागली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. आम्ही इथल्या घामाला नि पाण्याला बोल लावले, साबण बदलले. मग तिचे डोळे पिवळसर दिसू लागले.

कावीळ म्हटल्यावर आमच्या गावात करतात तेच केलं. जेवणातली हळद बंद, तेल-तूप बंद. आई ताकभातावर राहिली. मावशीचा फोन आला, "इकडं पाठव तिला. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून घेऊ."

त्याआधी मी तिला तांबरमच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पथ्य ऐकून त्या हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, हळदीनं डोळे पिवळे होत नाहीत. पोटभर जेवा आधी!"

तपासण्या झाल्यावर त्यांनी चित्र काढून दाखवलं. पिंपळाच्या पानातल्या शिरांसारख्या यकृतभर पसरलेल्या नळ्या, टोकाला केसाहून बारीक. शरीराचीच राखणदार यंत्रणा त्यांना परक्या समजून नासवत होती. पित्त अडून यकृत निबर होत चाललं होतं. हा आजार मुळातून जात नाही. औषध लागू पडलं तर यकृत टिकेल, नाहीतर पुढेमागे ते बदलावं लागेल.

मी आईला मराठीत समजावलं. ती म्हणाली, "माझंच रक्त माझ्यावर उठलंय? मी काय घोडं मारलं त्याचं?"

औषध म्हणून दिलेल्या गोळीतलं द्रव्य माणसाच्या पित्तातही थोडं असतं, पण ते पहिल्यांदा सापडलं अस्वलाच्या पित्तात, असं बाईंनी सांगितलं.

"अस्वलाच्या? शिव शिव!"

"आता कारखान्यात बनतं, अम्मा."

मी थक्क झालो. कुणीतरी अस्वलाच्या पित्तात डोकावलं होतं, आणि त्याचा उपयोग माझ्या आईला व्हायचा होता! घरात पहिला पदवीधर मी, पण आपल्या बरगड्यांखाली असं काही चालतं हे मला ठाऊकच नव्हतं.

खाजेसाठी दिलेल्या पुडीनं आईला लवकर आराम पडला. गोळीचं काय, ते कळायला काही महिने थांबायचं होतं. ते महिने जड गेले. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा बाई हसल्या. "लागू पडलंय. गोळी मात्र जन्मभर."

बाहेर बाकावर आईनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. लेकराला थोपटावं तशी हळू थोपटत ती म्हणाली, "एवढं सोसलंस रे बाबा, आणि एका शब्दानं बोलला नाहीस."