टँकरच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मोबाइलवरच्या आमच्या गटात गाणं टाकायचं तर खाली तीन गोष्टी लिहाव्या लागतात. कोणी लिहिलं, कोणी गायलं आणि तुमच्याकडं कुठून आलं. सिनेमातलं चालत नाही, परदेशातलं तर नाहीच. आपल्या देशातलं, कुठल्या तरी गावानं, वस्तीनं, बायामाणसांनी राखलेलं पाहिजे. गटात आसामचे लोक आहेत, केरळचे आहेत, राजस्थानातला एक उंटवाला आहे. तो स्वतः गातो आणि गाता गाता मधेच उंटावर खेकसतो. कोणाची भाषा कोणाला येत नाही. गाण्याखाली फुलं, जोडलेले हात आणि मोडक्यातोडक्या हिंदीत ‘बहुत मीठा है भाई’. मला तेवढं पुरतं.

मी मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करतो. शुक्रवारी सुट्टी असते. दुपारी जेवण झालं की खाटेवर पडून मी गटातली गाणी ऐकतो. कितीतरी वर्षं नुसतं ऐकलंच, काही टाकलं नाही. मला लिहायची धास्ती वाटते. नववीत शाळा सुटली. आमचं गाव अजिंठ्याच्या खाली. त्या वर्षी विहिरींनी तळ गाठला आणि पाणी आणायला घरात एक माणूस कायमचा लागायला लागला. बहिणी लहान होत्या, आईबाप कामावर. मग मीच. दोन हंडे सायकलला बांधून दिवसाला चार खेपा. पाऊस आला तेव्हा वर्गातली पोरं दहावीला गेली होती आणि मला परत बाकावर बसायची लाज वाटली.

गटात दर वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या जिल्ह्याचं एक गाणं टाकायचं असतं. मागच्या साली मी धीर केला. माझ्याकडं एक जुनी कॅसेट होती, तिच्यातलं गाणं मोबाइलवर उतरवून टाकलं. टँकरचं गाणं. धृपद असं:

आला टँकर धुराळ्यात, घागरीला सांगा गं
शेवटच्या बाईला बी पाणी थोडं मागा गं

ढोलकी, पेटी, एक खडा आवाज आणि मागं झील धरणारे तिघं. कोणी गायलं, ते ‘आमच्याकडची गायन पार्टी’ असं लिहिलं. कुठून आलं, ते ‘शहागंजातल्या दुकानातून’. आणि कोणी लिहिलं, तिथं माझा अंगठा थांबला. मग मी लिहिलं, ‘पारंपरिक’.

मला माहीत होतं कोणी लिहिलंय ते.

शाळा सुटल्यावर गावात चार-पाच वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग शहरात आलो. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. आधी एका कंपनीत पॅकिंगला होतो, तिथून काढलं, तेव्हा शहागंजात एका चाचांच्या दुकानात लागलो. कॅसेट भरून द्यायचं दुकान. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे, आम्ही त्या क्रमानं कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कव्वाली, भावगीतं, लग्नाची गाणी, सगळं. गायन पार्ट्या आपापले कार्यक्रम टेप करून आणायच्या आणि त्यांच्या वीस-पंचवीस प्रती काढून न्यायच्या.

चाचांनी मला डेक उघडायला शिकवलं, हेड पुसायला, तुटलेल्या तारेला झाळ मारायला. आज मी जे खातो ते त्या झाळीवर. दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायला जागा दिली, ईदला कपडे केले, आणि एकदा तापानं फणफणलो तर स्वतः घाटी दवाखान्यात घेऊन गेले. चिडले की मात्र गल्लीला ऐकू जायचं.

त्यांचा एक नियम होता, कॅसेट साठ मिनिटांचीच वापरायची. गिऱ्हाईक नव्वदची मागायला लागलं की म्हणायचे, “नक्को! नव्वद का फीता पतला रहता. खेडे के टेप में जाके फसता, और लोगां गाली किसकू देते? अपनेकू!”

तर साठ मिनिटं, म्हणजे एका बाजूला तीस. गाणी त्या मापात बसवायची हीच आमची कारागिरी. नाहीच बसलं तर शेवटच्या गाण्याचा आवाज हळूहळू उतरवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं गाणारे गात गात लांब निघून गेले.

कॅसेटच्या त्या शेवटच्या वर्षांत परत दुष्काळ पडला. शहर तर वाढतच होतं. जिथं ज्वारी होती तिथं कॉलन्या आल्या होत्या, पण नळ आले नव्हते. गावांना टँकर आणि कॉलन्यांनाही टँकर. तेव्हा एक टँकर चालवणारा माणूस दुकानात यायचा. उंच, मिशाळ, आणि गुडघ्यापर्यंत पँट ओली. त्या उन्हाळ्यात ओल्या कपड्यात फिरणारा मी पाहिलेला तो एकच माणूस. वस्तीच्या गायन पार्टीत तो म्हणायचाही आणि लिहायचाही. जयंतीच्या कार्यक्रमात टेप केलेली सहा गाणी त्यानं आणली.

“पंचवीस काढा, भाऊ. जिथं जिथं माझी गाडी जाती, तिथं एकेक देणार हाय. बाया रांगेत भांडतात वो. म्हणलं, गाणं ऐकत भांडा!”

सहा गाण्यांची बेरीज साडेएकतीस मिनिटं. दुसऱ्या बाजूला भाषणं होती, तीही भरगच्च. चाचा त्या दिवशी नमाजाला गेलेले. पंचवीस प्रती दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. मी शेवटचं गाणं, हेच टँकरचं, पुन्हापुन्हा लावलं. कुठं उतरवावं ते ठरवायला शेवटचं कडवं पंधरा-वीस वेळा तरी ऐकलं असेल. मग त्याच्या आधी आवाज उतरवला. छान उतरला. माझ्या हातचं काम बघून मीच खूष झालो.

आमच्याकडच्या गाण्यात लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. वर कागद नसतो, पुस्तक नसतं. गाण्यातच सही असते, आणि ती शेवटाला असते. लहानपणापासून जयंतीच्या मांडवात बसून मला हे पाठ होतं. तरी कापताना मी फक्त घड्याळ पाहत होतो.

चाचांनी नमुन्याची कॅसेट ऐकली तेव्हा माल गेलेला होता.

“किसने काटा ये?”

“मी. मापात बसत नव्हतं.”

“नहीं बैठता तो दुसरा गाना निकालते रे! आदमी का नाम था उसमें. नाम निकाल दिया तूने.” मग बराच वेळ डेकची झाकणं उगाच उघडझाप करत राहिले. “वो आया तो बोल उसकू. दूसरी बनाके देते.”

तो आला, आठवड्यानं.

“भाऊ, शेवटचं कडवं कुठं गेलं?”

“फीता संपला,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. कॅसेट खिशातून काढून खिडकीसारख्या काचेतून फीत बघितली. कॅसेटच्या कामातल्या माणसाला माझी थाप कळली असती, पण तो टँकरवाला होता. “असू द्या,” म्हणाला, “पुढल्या खेपेला समदं घेऊ.”

चाचा आत बसलेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. मला वेगळी प्रत काढून देता आली असती. पण काल खूष झालेला माणूस आज ‘मी चुकलो’ म्हणत नाही. पुढली खेप आलीच नाही. दोन वर्षांत सीडी आली, मग तीही गेली. दुकान बंद करताना चाचांनी नमुन्यांची एक पिशवी मला दिली. मी क्रांती चौकात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत बसलो, तिथून एसीच्या कामात, तिथून इथं. पिशवी बरोबर आली.

तर मी गटात ‘पारंपरिक’ लिहिलं, कारण नाव लिहिलं असतं तर कोणी तरी विचारलं असतं, की नाव गाण्यात का नाही?

गाणं चाललं. मी इतकं कधी पाहिलं नव्हतं. उंटवाल्यानं चार वेळा ऐकलं म्हणून कळवलं. केरळच्या एकानं अर्थ विचारला, मी सांगितला, तर तो म्हणे आमच्याकडं पाणीच पाणी, तरी डोळ्यात पाणी आलं. गट चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी मात्र लिहिलं, “टँकरचं गाणं पारंपरिक कसं असेल? टँकर येऊन असे किती दिवस झाले?”

तेवढ्यात बीडच्या कोणी तरी लिहिलं, “मॅडम, आमच्या मराठवाड्यात टँकर पण आता परंपराच हाय!” त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि प्रश्न खाली गेला. मी त्या माणसाचे मनात आभार मानले.

तीन दिवसांनी एका बाईचा निरोप आला. गटात नाही, मला एकट्यालाच सांगावं तसा. बोलून पाठवलेला.

“नमस्कार दादा. हे गाणं माझ्या वडिलांचं आहे. ते टँकरवर होते. आता नाहीत. त्यांचा आवाज आमच्याकडं कुठंच नव्हता. रस्ता रुंदीकरणात घर पाडलं, त्या गडबडीत पत्र्याची पेटी गेली, कॅसेटा तिच्यात होत्या. आईला ऐकवलं तर ती उठून बसली. पण दादा, तुम्ही पारंपरिक लिहिलंय. आई म्हणती, शेवटी त्यांचं नाव हाय. ते कडवं कुठं आहे? नाव गाण्यात असलं तर लोक मानतील. मी नुसतं सांगून कोण मानणार?”

मी तो निरोप किती वेळा ऐकला ते सांगत नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं ते मात्र खरं सांगतो. कॅसेट तिथंच संपते, एवढं लिहून मोकळं व्हावं. फीता संपला. वीस वर्षांनी तेच दोन शब्द जिभेवर आले.

लिहायला घेतलं तर जमेना. मग मीही बोललो. दुकान, साठ मिनिटं, मी उतरवलेला आवाज, तिच्या वडिलांना मारलेली थाप, सगळं. शेवटी म्हणालो, “ताई, कडवं माझ्यामुळं गेलं. मूळ टेपही तुमच्या त्या पेटीतच गेला असणार. म्हणजे आता ते कुठंच नाही.”

निरोप गेला आणि मी खाटेवर बसलो. बसल्या बसल्या कानात ढोलकी सुरू झाली. कापायची जागा शोधताना जे पंधरा-वीस वेळा ऐकलं होतं, ते पुढं चालू लागलं. मी घाबरूनच गेलो. हाताला लागलेल्या बिलाच्या पाठीमागं लिहून काढलं, जसं येतं तसं, शुद्ध-अशुद्ध न बघता:

नळी माझ्या हातामधी, तहान माझ्या दारी गं
दुसऱ्याच्या भरता घागरी, घरची रिकामी सारी गं

तिसऱ्या ओळीत गावाचं नाव होतं, चौथीत त्याचं. चौथी लख्ख आठवली. तिसरीत मधला एक शब्द काही केल्या येईना.

लिहून पाठवावं तर चाल कळणार नाही. म्हणजे गायला पाहिजे. मी जन्मात गायलो नव्हतो. खोलीतल्या एसीची घरघर टेपमधे येते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी एसी बंद केला. बाहेर मस्कतची दुपार. माझ्याबरोबर खोलीत राहणारा बिहारचा भाऊ उठून बसला.

“क्या हुआ? एसी बिगड़ गया?”

“नहीं. गाना है.”

“एसी वाला एसी बंद करके गाना गाएगा!” तो म्हणाला, पण टॉवेलानं तोंड पुसत ऐकायला बसला.

मी गायलो. न आठवलेल्या शब्दाच्या जागी ‘ना ना’ म्हणालो. आणि हे ताईला एकटीला न पाठवता गटात टाकलं, गाण्याच्या खालीच. सोबत बोलून सांगितलं, की पारंपरिक मी खोटं लिहिलं होतं, कवीचं नाव शेवटच्या ओळीत आहे, आणि ते कापणारा मीच. टाकल्यावर मोबाइल उशीखाली घातला. आता गटातून काढणार, असंच वाटत होतं.

संध्याकाळी काढून बघितला. शिक्षिकाबाईंनी नोंद दुरुस्त केली होती. ‘पारंपरिक’च्या जागी त्याचं पूर्ण नाव, पुढं ‘टँकरचालक व कवी’. मला एवढंच लिहिलं होतं, “हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं.” खरं होतं. उंटवाल्यानं मात्र नेहमीसारखीच फुलं टाकली होती.

आणि ताईचा एक निरोप होता. लावला तर आवाज म्हाताऱ्या बाईचा. मागून ताई सांगत होती, आई, बोल, ऐकू जातंय त्यांना.

“ऐकतोस का बाबा? कापलं ते वंगाळच केलंस. माफ बिफ मी नाय म्हणणार. त्यांनी केलं असतं, त्यांचं ते त्यांना ठावं.” मधे खोकला. “पण ते तिथं ‘ना ना’ नाय. ‘माळावरचा’ हाय. माळावरचा, आन मग गावाचं नाव. तू म्हणलास तवा माझ्या ध्यानात आलं. घरची रिकामी सारी... व्हय, रिकामीच असायची. मी भांडायचे त्यांच्याशी त्याच्यावरनं.” “आन आमचं माणूस इतकं बेसूर गात नव्हतं. लोकांना वाटंल असलं गायचा. परत म्हण. पट्टी खाली धर, आन तो शब्द घालून म्हण.”

मी बिहारच्या भावाकडं बघितलं. त्यानं उठून एसी बंद केला.