घमेल्यावर बसणारे डॉक्टर

"आधी मला बसू द्या," गोठ्यात पाय टाकल्या टाकल्या डॉक्टर म्हणायचे. कुणी लगबगीनं खुर्ची आणली तरी ती त्यांना चालत नसे. कोपऱ्यातलं शेणाचं घमेलं उचलायचं, पालथं घालायचं, गायीपासून चार हातांवर ठेवायचं आणि त्यावर बसून गायीकडे बघत राहायचं. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. गाय रवंथ कशी करते, कान कुठे फिरवते, भार कुठल्या पायावर देते, हे सगळं ते बघत असणार. आपल्याला मात्र एक माणूस घमेल्यावर बसलाय एवढंच दिसायचं.

मी तेव्हा गावच्या डेअरीवर फॅट लावायचो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन येत आणि दुधात फॅट किती, हे मी मशीनवर बघून सांगायचो. असलं काम करणाऱ्याला गावात मित्र नसतो, हे तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. फॅट चांगली लागली तर ती जनावराची पुण्याई, कमी लागली तर माझी लबाडी. डॉक्टरांनाही गावात कुणी मित्र नव्हता. एवढ्या भांडवलावर आमची ओळख जमली. ते मला 'फॅटवाले' म्हणायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आमचं गाव राहात्यापासून सायकलीच्या अंतरावर, कालव्याच्या कडेला. ऊस, पेरूच्या बागा आणि घरटी दोन-तीन संकरित गायी. डॉक्टर मूळचे नगरच्या कर्जतकडचे, परभणीला शिकलेले. सरकारी नोकरी सोडून ते इकडे आले, स्टँडजवळ पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली आणि बाहेर 'गुरांचा दवाखाना' अशी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी लावली. नोकरी का सोडली याच्या गावात चार कथा होत्या, चारही वेगवेगळ्या. प्रत्यक्ष त्यांना विचारावं असं कुणाला सुचलं नाही. बायको-पोरं आहेत का, हेही कुणी विचारलं नाही. खोलीत एक खाट, स्टो, औषधांचं कपाट, भिंतीवर बुद्धाचं चित्र असलेलं कॅलेंडर. दारात लुना मोपेड.

त्यांच्या पिशवीत औषधांबरोबर एक स्टीलचा कप असायचा. पहिल्यांदा आमच्या घरी चहा आला तेव्हा त्यांनी तो काढला आणि आमच्या कपातला चहा त्यात ओतून घेतला. आमची ही म्हणाली, "डॉक्टर, आमच्यात चालतं हो."

ते हसले. "ठाऊक हाय वहिनी. पन कुठं चालतं आन् कुठं न्हाई, हे घरोघर ध्यानात ठेवायचं म्हंजी डोक्याला ताप. त्यापरीस कप बरा."

ही वरमली. मी खाली मान घालून चहा प्यालो. गाय अडली की खांद्यापर्यंत हात आत घालायला हाच माणूस बोलवायचा आणि चहाला त्याचा कप वळचणीला वेगळा ठेवायचा, अशी घरं आमच्या गावात होती आणि ती मला माहीत होती. मी त्याबद्दल कुठे काही बोललो नव्हतो.

डॉक्टरांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "मला अजून कळलं न्हाई." घमेल्यावर बसून झालं, ताप बघून झाला, पोटाला कान लावून झाला आणि तरीही उलगडा झाला नाही, तर ते सरळ तसं सांगून मोकळे व्हायचे. "सांजंला परत येतो," म्हणायचे आणि खरंच यायचे. आता तुम्हीच सांगा, डॉक्टरनं असं बोलायचं असतं का? आपल्याला कळत नाही म्हणून तर आपण डॉक्टर बोलावतो. त्यालाही कळत नसेल तर दोघांनी मिळून गायीकडे बघत बसायचं की काय, असं लोक म्हणत आणि मीही हसत असे.

त्यात सुईचा हात आखडता. आमच्याकडे सुई टोचली तरच उपचार झाला, नाहीतर डॉक्टर नुसता येऊन गेला. एकदा खालच्या आळीतल्या बापूंची म्हैस खाईना. डॉक्टर बसले, बघितलं आणि उठून म्हणाले, "औषध नको. हिरवा मका दोन दिस बंद करा, कडबा घाला."

"म्हंजी, सुई न्हाई?" बापू.

"न्हाई."

"मग तुमी आलात कशापायी?"

म्हैस दोन दिवसांत खायला लागली. श्रेय म्हसोबाला गेलं, कारण मधल्या दिवशी बापूंनी त्याला नारळ फोडला होता. डॉक्टरांना हे मी मीठमसाला लावून सांगितलं, तर ते म्हणाले, "जाऊ द्या फॅटवाले. म्हसोबानं तरी कुठं सुई मारली?"

पुढे नगर-मनमाड रस्त्यावर एक बाहेरची दूध कंपनी आली. आमच्या डेअरीचं दूध तिला जाऊ लागलं आणि दुधाच्या पाठोपाठ गावात कंपनीचा गुरांचा दवाखाना आला. राहुरीपासून राहात्यापर्यंत गावोगाव सारख्याच निळ्या पाट्या, सारख्याच पांढऱ्या जीपा. प्रत्येक गायीला एक छापील कार्ड. डेअरीवर निरोप ठेवला की तासाभरात जीप दारात. पांढरा कोट घातलेला तरुण डॉक्टर उतरायचा, कार्ड बघायचा, तीन सुया टोचायचा, कार्डावर लिहायचा आणि पाच मिनिटांत पुढच्या गावाला. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर बदलायचा, कोट तोच राहायचा. ती पोरं वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. त्यांना दिवसात इतकी गावं असत की बसायला घमेलं शोधायचं कधी?

सकाळी दुधाच्या ओळीत चर्चा रंगायची. "तीन सुया मारल्या गड्या, तीन! आन् आपला तो? घमेल्यावर बसून बघतो. बघायला काय, मी बी बघतो की!"

"त्याला इचारलं तर म्हनतो कळलं न्हाई. जीपवाला कधी आसं म्हनला का?"

नव्हताच म्हणाला. जीपवाल्याला सगळं कळायचं. गाय दगावली तरी का दगावली, हेसुद्धा कळायचं.

डॉक्टरांच्या लुनाला काम कमी झालं तसे ते सकाळी डेअरीवर येऊन उभे राहू लागले. काम मागायला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. बाजूला, शेडच्या खांबापाशी उभे राहायचे. लोक कॅन घेऊन पुढे सरकत. डॉक्टरांना माणसांची नावं आठवत नसत, गायींची सगळी पाठ होती. "सोनीचा खूर बसला का?" "तांबडी वासराला पाजती का आता?" लोक "व्हय, बरं हाय" म्हणत आणि पुढे बघत. ओळ संपली की ते थोडा वेळ माझ्यापाशी थांबायचे आणि मग लुना सुरू करून कुठेतरी जायचे. कुठे जायचं ठरलेलं असेल असं वाटत नसे. डेअरीचे चेअरमन समोर असले की मी डॉक्टरांशी थोडं कमीच बोलायचो.

आणि मग आमची गाय, हरणी, आजारी पडली.

तिनं वैरण टाकली होती आणि पाठ वर काढून उभी होती. मी डॉक्टरांना बोलावलं. ते घमेल्यावर बसले, चांगले पाऊण तास बसले. हरणीच्या छातीखाली मुठीनं दाबून बघितलं. मग म्हणाले, "फॅटवाले, मला अजून कळलं न्हाई. एक शंका हाय, पन तिला उताराला चालताना बघाया पायजे. उद्या सकाळी पान्याला सोडाल तवा येतो. कालव्याचा उतार हाय नव्हं, तिथं बघू. तवर सुई मारू नका कुणाची. दुखनं झाकलं तर मला दिसायचं न्हाई."

ते गेले आणि तासाभरात चेअरमन आले. "कंपनीचं दूध, कंपनीचा डॉक्टर. आन् आपल्याच डेअरीचा मानूस भायेरचा आनतो? बाकीच्यांनी काय घ्यायचं त्यातून?" त्यांचंही चूक नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर, पाऊण तास बसून 'कळलं नाही' ऐकल्यावर माझाही धीर सुटला होता. मी जीपला निरोप दिला. तीन सुया झाल्या, एक बाटली झाली. संध्याकाळी हरणीनं घास खाल्ला. मला इतका आनंद झाला की उताराचं मी विसरूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर ठरल्याप्रमाणे आले. खुंट्याला अडकवलेलं कार्ड त्यांनी वाचलं. हरणी खात होती. "बरं झालं," एवढंच म्हणाले. आदल्या दिवशी पालथं घातलेलं घमेलं तसंच पडलं होतं, ते त्यांनी सरळ करून जागेवर ठेवलं आणि गेले. चहाला थांबा म्हणायचं माझ्या तोंडातच राहिलं.

दोन आठवड्यांनी हरणीनं पुन्हा वैरण सोडली. जीप आली. डॉक्टर नवा होता. त्यानं कार्ड वाचलं आणि आधीच्याच सुया टोचल्या. या वेळी उतार पडला नाही, उलट गळ्याखाली सूज आली. तेव्हा मी शरमेनं अर्धा होऊन स्टँडजवळच्या खोलीवर गेलो. डॉक्टर खाटेवर बसून पेरू कापत होते. त्यांनी पेरू ठेवला आणि पिशवी उचलली.

हरणीला कालव्यावरून उतरवलं. उताराला लागताच ती थबकली, पुढचे पाय टेकवेना आणि एकदा कण्हली. तेवढंच ते बघत होते. "तार हाय पोटात," म्हणाले. "आता काळजापत्तुर गेलीय. उशीर झाला."

ती दुपारी गेली. डॉक्टर शेवटपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मग मला विचारून त्यांनी तिला उघडलं आणि बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना गंजलेली तार काढून माझ्या हातात दिली. कुंपणाची तार होती. कुंपण मीच दुरुस्त केलं होतं आणि तुकडे मीच गोठ्यापाशी टाकले होते.

"त्या दिवशी सकाळी उताराला बघितलं आसतं तर?" मी विचारलं.

"तर कळलं आसतं. मग पोट उघडून काढता आली आसती, कदाचित." हात पुसत म्हणाले, "पन पयल्या दिशी मलाबी कळलं नव्हतं. ते पोरगं काय करनार?"

जीपवाल्याला दोष द्यायची एवढी आयती संधी त्यांनी अशी घालवली. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर नेहमीसारखी ओळ होती. चेअरमन उभे होते. डॉक्टर खांबापाशी उभे होते. कुणीतरी विचारलं, "हरनी कशानं गेली रं?" मी उत्तर द्यायच्या आत, दूध घेऊन पुढे आलेले बापू म्हणाले, "कशानं काय? जीपवाला करतच हुता की चांगलं. शेवटाला ह्यांचा हात लागला आन् गाय गेली."

ह्यांचा हात. बापूंनी खांबाकडे बोटसुद्धा केलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

तार माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, कागदात गुंडाळलेली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, गायीकडे बघायचे तसंच, शांतपणे. मी चेअरमनकडे बघितलं. मग मशीनकडे बघितलं आणि बापूंच्या दुधाची फॅट मोठ्यानं वाचून दाखवली.

त्यानंतर डॉक्टर डेअरीवर आले नाहीत. लुना स्टँडजवळ दिवस दिवस उभी असायची. गावातल्या एकाही गोठ्यात त्यांना कुणी बोलावलं नाही. मी स्टँडवर जाताना पलीकडच्या बाजूनं जायचो. पुढे एका सकाळी दिसलं तर लुनाला वळकटी बांधलेली आणि ते पाटी काढत होते. आता टाळता येण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, "कुठं डॉक्टर?"

"कर्जतकडं. तिकडं शेळ्या लई. शेळ्यास्नी जीप यायची न्हाई लवकर." ते हसले. मला हसू आलं नाही.

"डॉक्टर, त्या दिवशी डेअरीवर मी..."

"नवी गाय घेतली का?" त्यांनी मधेच विचारलं.

"घेतली."

"नाव?"

"अजून न्हाई ठेवलं."

"ठेवा. आन् आधनंमधनं उताराला चालवून बघत जा." त्यांनी लुना सुरू केली, पाटी दोन पायांच्या मध्ये धरली आणि कालव्याच्या रस्त्यानं निघून गेले. आठवडाभरात मालकानं त्या खोलीत कांदा भरला.

डॉक्टरांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कर्जतला जाऊन शोधता आलं असतं. मी गेलो नाही. पुढे कंपनीनंही गाशा गुंडाळला आणि निळ्या पाट्या गंजल्या. डेअरीवर मी नोकरी संपेपर्यंत फॅट लावत राहिलो. दुधात किती काय आहे, हे मी आयुष्यभर चारचौघांत मोठ्यानं सांगितलं.

ती तार अजून माझ्याकडे आहे. ओळीत उभ्या असलेल्या लोकांना ती एकदा दाखवायची होती, बापूंना आणि चेअरमनना, आणि एक वाक्य बोलायचं होतं. तेव्हा जमलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो. हरणी डॉक्टरांच्या हातानं गेली नाही. एवढंच वाक्य होतं.