हवेचे की स्प्रिंगचे

लग्नाला चार वर्षं झाली होती. बायको शाळेत शिकवायची. तिथल्याच जिन्यावरून ती पडली आणि कमरेतली चकती सरकली. पाच महिने फळीवर झोपून काढले. उठून बसायला लागली तशी एकच म्हणायची, "मला करमाळ्याला न्या. आईला बघायचंय." एसटीचे धक्के तिला सोसणार नव्हते. मोटारसायकल निदान हवी तिथं थांबवता आली असती, पण माझ्या गाडीचे धक्के झेलणारे मागचे शॉक पार गेले होते.

बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्रानं परदेशातून हवेच्या शॉकची जोडी आणली होती. सायकलच्या पंपानं हवा भरली की गाडी मऊ चालते, म्हणाला. गॅरेजच्या मिस्त्रीनं ती उलटीपालटी करून बघितली.

"मऊ लई हाय सायेब. पन वाटंत हवा गेली तर वैनींना घेऊन कुटं बसनार? स्प्रिंगचे घ्या. आदळतील, पन पोचवतील."

मला ठरवता येईना. आधी हवेचे बसवले. मागच्या सीटवर पाण्यानं भरलेली कळशी बांधून जवळच्या कुंभारी गावापर्यंत जाऊन आलो. पाणी जेमतेम सांडलं. पण सकाळी बघतो तर गाडी मागून खाली बसलेली. पुन्हा पंप. ऑफिसात जीव लागेना. घरी आलो की पाच-पाच मिनिटांनी अंगणात जाऊन सीट दाबायची. मग स्प्रिंगचे लावले, तर कळशी निम्मी रिकामी. पुन्हा हवेचे. मिस्त्री माझं तोंड बघून पाना खाली ठेवायला लागला.

शेवटी बायकोच भिंत धरत बाहेर आली. "कळशीची कंबर दुखते का? मला विचारा की."

ती बसली. बोळाच्या टोकापर्यंतही गेलो नाही, तोच तिनं माझा खांदा घट्ट धरला. "थांबवा. खड्डा मागं गेला तरी गाडी डुलतेच. मी नुसती अंग चोरून बसलेय."

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगवर बसली. "हे बोचतंय. पण कधी बोचणार ते कळतं. हेच ठेवा."

मी वाद घातला. ती आत जाऊन पातळांच्या घड्या घालायला लागली.

रविवारी पहाटेच स्प्रिंगवर निघालो. मोहोळच्या पुढं लिंबाखाली सतरंजी टाकून ती पडली. मी विचारतच होतो, दुखतंय का, दुखतंय का. "दर मैलाला विचारू नका," ती म्हणाली. "दुखलं की सांगेन." मग मी दात आवळून गाडी हाकली. टेंभुर्णी सोडल्यावर तिनं पाठीवर थाप मारली. करकचून ब्रेक दाबला.

"काही नाही हो. उसाचा रस प्यायचाय."

करमाळ्यात सासूबाई दारातच उभ्या होत्या. बायको माझा हात न घेता उतरली, चार पावलं चालली आणि आईच्या गळ्यात पडली. मी गाडीवरच बसून राहिलो. मागं हात नेऊन सवयीनं सीट दाबून बघितली.