डब्यातली हार्ड डिस्क

दर शनिवारी लातूर-नांदेड एसटीत ते माझ्या शेजारी बसत आणि चाकूरला उतरत. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटायचं, भाकरी असेल. एकदा झाकण उघडलं, तर आत फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क!

"घरच्या कंप्युटरची नक्कल हाय," ते म्हणाले. "नातवाचे फोटो, आमच्या हिची गाणी. ही गेली, आता तेवढंच हाय. एक नक्कल घरी, एक चाकूरला लेकीकडं. मागं कंप्युटर बंद पडला, तवा लेकीकडूनच सगळं परत आणलं."

खड्डा आला की ते डबा दोन्ही हातांनी अलगद उचलत. चाकूर दिसू लागलं की टोपी नीट करत. त्याआधी, दुष्काळात त्यांच्याजवळ डबा नसायचा, पायाशी पाण्याचे दोन रिकामे कॅन असायचे. लेकीच्या बोअरला पाणी होतं. पुढं पाऊस झाला, लातूरच्या नळाला पाणी आलं. कॅन गेले आणि डबा आला.

मला शहाणपणा सुचला. "काका, आता असं सॉफ्टवेअर निघालंय, नक्कल आपोआप इंटरनेटवर जाते. मी लावून देतो. दर शनिवारचा हेलपाटा वाचेल."

त्यांनी डबा पोटाशी ओढला.

"नको भाऊ. आधी पाणी होतं, आता हे हाय. हे बी तुम्ही काढून घेतलं, तर लेकीच्या घरी काय काम म्हणून जाऊ?"