न पाहिलेल्या आठ जागा

ज्या वर्षी आमच्या सुलतान बाजारच्या गल्लीत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दोन क्लासच्या पाट्या लागल्या, त्या वर्षी मी हैदराबादच्या एका लहानशा संस्थेत उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलांचे नकाशे करत होते. त्या चित्रांत हिरवा पाला लाल दिसतो आणि उघडी जमीन राखाडी. टेबलावर चित्र पसरायचं, दाट, विरळ, उजाड अशा रेघा आखायच्या, मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्या पडताळायच्या, असं काम. वडील सिकंदराबादला रेल्वेत कारकून होते. मराठवाड्यातून आलेल्या आमच्या घरात माझ्याआधी विज्ञान कुणी शिकलं नव्हतं. माझ्या पहिल्या नकाशाची प्रत त्यांनी बैठकीत लावली होती आणि आल्यागेल्याला ते ती दाखवत.

एप्रिलमध्ये पडताळणीसाठी मला आदिलाबादकडे पाठवलं. वीस जागा बघायच्या होत्या. चार दिवसांत बारा झाल्या. उरलेल्या आठ एका डोंगराच्या मागे होत्या, पायी तीन तास. पण दोनच दिवसांनी सिकंदराबादला एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत माझी मुलाखत होती. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी तिथे लागल्या होत्या आणि ऑफिसला गाडीने जात होत्या. मी जीप वळवायला सांगितली.

ड्रायव्हर वडिलांच्या वयाचे होते. ते एवढंच म्हणाले, "आठ जगा बाकी है ना, मॅडम?"

रस्त्यावरून दिसलं, असं मी त्यांना सांगितलं. रस्त्यावरून फक्त डोंगराची अलीकडची बाजू दिसत होती. पुढे एका चहाच्या टपरीपाशी थांबलो, तिथे मी जीपमध्ये बसून आठही जागांचे फॉर्म भरले. चित्रात तो मागचा उतार राखाडी होता. मी लिहिलं : उजाड, तोड झालेली. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात आणि उभं जंगलही वरून राखाडी दिसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती.

मुलाखत दहा मिनिटांत संपली. त्यांना हवी होती ती कॉम्प्युटरची भाषा मला येत नव्हती.

दीड वर्षानं, नोव्हेंबरात, दुसऱ्या कामासाठी त्याच भागात गेले. या वेळी वाट डोंगरापलीकडून जात होती. उतारावर साग उभा होता, मोठमोठ्या पानांचा, मध्ये मोह आणि तेंदू. आणि त्या झाडांच्या भोवती तारेचं कुंपण होतं, आत रोपांसाठी खणलेले खड्डे.

कुंपणाशी एक म्हातारे गोंड गृहस्थ शेळ्या घेऊन उभे होते. त्या भागात मराठी चालते. मी त्यांना विचारलं, हे कुंपण कशाचं? ते सांगू लागले. साहेबलोक नकाशा घेऊन आले. म्हणाले, तुम्ही लोकांनी जंगल तोडलं, आता इथं नवं लावायचं. आत जायला बंदी झाली. यंदाचा अख्खा हंगाम गावाला मोहफूल वेचता आलं नाही. त्यांच्या सुनेला एकदा पकडून दिवसभर चौकीत बसवलं होतं.

"आम्ही झाडं दाखवली," ते म्हणाले. "ते नकाशाच दाखवत होते. कोणं काढला असंल, बाई?"

"ऑफिसात काढतात," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि मला प्यायला पाणी दिलं. ते पाणी मी प्याले.

हैदराबादला परतल्यावर चार दिवस मी बैठकीत जेवले नाही, आत आईपाशी बसून जेवले. आई म्हणाली, काय परेशानी आहे तुला? पाचव्या दिवशी आमच्या संस्थेच्या मुख्य बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, मुलाखतीसकट. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ माझे फॉर्म बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षर किती छान आहे." आणि आठही जागा पुन्हा बघून यायला सांगितलं.

त्या आठवड्यात मी सगळ्या पायी पाहिल्या. पाच ठिकाणी जंगल शाबूत होतं. दुरुस्तीचं पत्र बाईंनी वनखात्याला आपल्या सहीनं पाठवलं, खाली माझं नाव घालायला लावून. कुंपण निघायला त्यानंतरही एक मोहाचा हंगाम गेला.

जागा पुन्हा पाहायला गेले होते तेव्हाच त्या म्हाताऱ्यांना भेटून मी सांगितलं की नकाशा माझा होता. ते घरासमोरच्या दगडावर बसले होते.

"त्या दिवशी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मग सून बाहेर आली, त्यांनी तिला गोंडीत काहीतरी सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली.