मामाच्या तोंडातल्या लवंगा

माझा मामा शिंपी. दुकान खाली, घर वर, मधे अकरा पायऱ्या. कामात लक्ष घालायचं म्हणजे ओठांत चार टाचण्या धरायच्या, ही त्याची जन्माची सवय. टाचण्या नसल्या की त्याचं डोकं चालत नाही. मामी म्हणते, असल्या तरी फारसं चालत नाही.

मामी इस्पितळात नर्स. तिला दुपारची पाळी लागली आणि संध्याकाळचा स्वयंपाक मामाच्या गळ्यात पडला. सोबत साडेचार वर्षांची लेकही. तिला सगळे चिमूट म्हणत, कारण ती तेवढंच खायची. एक घास गालात ठेवून तासभर बसे. लोकांची मुलं भांडी आपटतात, रडतात, थुंकतात. ही नुसती बघत राही, निवृत्त न्यायाधीशासारखी.

मामीची आई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मामा त्यांना पाठीमागे हेडबाई म्हणतो, समोर काहीच म्हणत नाही. त्या एकदा आल्या, चिमूटचं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "हा हात आहे की पेन्सिल?" मग निकाल: "महिन्याने येते. माझ्यासमोर हिने ताट संपवलं तर ठीक. नाहीतर मी घेऊन जाते. माझ्याकडे शिस्तीत जेवेल."

मामाच्या तोंडात टाचण्या होत्या. पण त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वयंपाकाला भिडला. टाचण्या तोंडातच. मामीने ते पाहिलं मात्र, "भातात एक जरी सापडली ना, तर तुम्हालाच टाके घालीन," असं दारातून सांगून कामावर गेली. मामाने टाचण्या काढल्या आणि लगेच हात थांबले. कांद्याकडे बघत बसला. शेवटी डब्यातून चार लवंगा काढून ओठांत धरल्या. झालं, गाडी सुरू.

एकच गफलत झाली. लवंगांनी पाच मिनिटांत जीभ बधिर. भाजीची चव घेतली, तर काहीच कळेना. गरम आहे एवढंच कळलं. मामाने हताश होऊन ओट्याशी उभ्या लेकीकडे पाहिलं. चमच्यात थोडा बटाटा घेतला, फुंकला आणि लवंगांच्या फटीतून म्हणाला, "ट्रायल दे."

ट्रायल हा शब्द तिला ठाऊक होता. दुकानात रोज बायका कच्च्या शिवणीचे कपडे अंगावर चढवून आरशासमोर तोंडं वाकडी करत आणि तिचा बाप मान खाली घालून ऐके. चिमूटने चमचा तोंडात घेतला. हात कमरेवर.

"ढिलं झालंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मीठ."

मामाने मीठ टाकलं. पुन्हा चमचा. "आता घट्ट."

मग पाणी, मग दुसरा बटाटा, मग आणखी चमचे. एका भाजीला नऊ ट्रायल. मामाच्या कुठल्याच गिऱ्हाइकाने त्याला इतकं पिडलं नव्हतं. हळूहळू बाईसाहेब स्टुलावर चढल्या. वाटाणे सोलू लागल्या; सोललेल्यांतले निम्मे वाटीत, निम्मे पोटात. पीठ मळायला घेतलं तेव्हा दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. हिरवं दिसलं की मान फिरवणारी पोर स्वतःच्या हाताने तोडलेला पालक "माझाय" म्हणून कच्चाच चघळे. भांडी दुप्पट पडत, फरशी चिकट होई. मामी घरी आल्यावर एकदा कपाळाला हात लावे आणि मग पातेल्यात उरलेलं पुसून खाई.

महिना संपला. हेडबाई रविवारी संध्याकाळी आल्या आणि थेट जेवायच्या टेबलाशी बसल्या. मामाने चिमूटचं ताट वाढलं. चिमूटने ताटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि ढेकर दिली.

"जेव," हेडबाई.

"नको. पोट भरलं."

"कशाने?"

"कामाने."

ही बया ओट्यापाशीच जेवून घेते, हे मामाच्या आत्ता ध्यानात आलं. महिनाभर तो लेकीचं उरलेलं ताट स्वतः संपवत होता आणि खंतावत होता. त्याने सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडात लवंगा. हेडबाईंना नुसतं "फफफ" ऐकू आलं.

"कळलं," म्हणत त्या उठल्या. बॅग उघडली आणि कपाटातून चिमूटचे फ्रॉक काढले. गावाला न्यायचा निवडावा म्हणून एक अंगात घातला. पाठीची बटणं लागेनात. दुसरा. लागेनात. तिसऱ्याचं बटण तुटून कपाटाखाली गेलं.

"काय शिवलंय हे!" हेडबाई कडाडल्या. "एका धुण्यात आटलं! स्वस्तातलं कापड!"

आता मात्र मामाने लवंगा थुंकल्या. बापाचा अपमान त्याने गिळला असता, शिंप्याचा नाही.

"माझं कापड आटत नाही!" तो सासूसमोर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "दोन महिन्यांपूर्वी शिवलेत, एक इंच सैल! तुमची नात फुगलीय!"

हेडबाईंनी चिमूटचं मनगट पुन्हा धरलं. दाबलं. दंड दाबला. मग चष्मा लावून दाबला. चूक मान्य करायची सवय त्यांना शाळेतल्या तीस वर्षांत लागली नव्हती.

"उद्या मी स्वतः बघेन," त्या एवढंच म्हणाल्या. बॅग मात्र बंद केली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, परीक्षेच्या वर्गात देखरेखीला बसतात तशा. चमचे मोजू लागल्या. अकराव्या चमच्याला चिमूटने वळून पाहिलं. "रिकाम्या बसू नका," ती म्हणाली आणि वाटाण्याच्या शेंगा त्यांच्या मांडीत ओतल्या. हेडबाई सोलू लागल्या. सोळाव्या चमच्याला मोजणं चुकलं. वासाने त्यांनाही भूक लागली होती.

"बघू मला," त्यांनी हात पुढे केला. चिमूटने चमचा फुंकून दिला.

"मीठ कमी आहे," हेडबाई म्हणाल्या.

चिमूटने बापाकडे पाहिलं. मामाने खांदे उडवले. मग तिने चमचा परत घेतला आणि बाप गिऱ्हाइकांना सांगतो तसं गंभीरपणे म्हणाली, "आत्ता गर्दी आहे. गुरुवारी या."

हेडबाई गुरुवारपर्यंत राहिल्या. शुक्रवारी एकट्याच गेल्या.